रविंद्र प्लंबरनं भाव सांगितला

रविंद्र हेडाऊच्या हाताला यश होतं. टिमकीपासून सदरपर्यंत शहरातल्या कोणत्याही मोहल्ल्यात कोणीही हे सांगितलं असतं. बावीस वर्षं तो प्लंबिंगची कामं करत होता. गळका नळ, तुंबलेलं बेसिन, दिवसभर सूं सूं करत राहणारी फ्लशची टाकी, काहीही असो. रविंद्र यायचा, वाकायचा, पाइपाला कान लावायचा आणि पाना फिरवायचा. काम झालं की स्वतःच्याच फडक्यानं फरशी पुसून द्यायचा. घरातल्या माणसांना हायसं वाटायचं.

अडचण त्यानंतर सुरू व्हायची. घरातलं कोणीतरी विचारायचं, "किती झाले, भाऊ?" आणि हा सहा फुटी, धडधाकट माणूस एकदम आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहायला लागायचा.

"द्या ना, जे वाटन ते."

आता लोकांना काय वाटेल, त्याचा काही नेम नसतो. कोणाला शंभर वाटायचे, कोणाला पन्नास. लकडगंजच्या एका लाकूड व्यापाऱ्याला सागाची चार फुटी पट्टी द्यावीशी वाटली. सदरच्या एका शिक्षिकाबाईंना जुना मिक्सर द्यावासा वाटला. तो घरी नेऊन लावल्याबरोबर त्यातून धूर निघाला. एका काकूंना नुसताच आशीर्वाद द्यावासा वाटला, आणि तो देऊन त्यांनी दार लावून घेतलं.

रविंद्रला हिशेब येत नव्हता असं मुळीच नाही. नळाखाली वाकलेला असतानाच त्याच्या डोक्यात आकडा तयार व्हायचा. यायचं-जायचं पेट्रोल, वायसर आणायला दुकानापर्यंत मारलेली चक्कर, लागलेला वेळ, आणि पाइप जुना लोखंडी असेल तर तो हातात तुटायची जोखीम. सगळं धरून, समजा, तीनशे. इथपर्यंत सगळं व्यवस्थित. मग घरातून चहा यायचा. चहा पाजला, म्हणून वीस कमी. चहाबरोबर बिस्किटं असली तर तीस. घरात म्हातारं माणूस दिसलं की पन्नास गेले. पोरगी दहावीला आहे असं कळलं की आणखी पन्नास. कोणी मायेनं "दादा" म्हटलं तर त्याचे वेगळे. असं करता करता हत्यारं पिशवीत भरेपर्यंत तीनशेचे सत्तर झालेले असायचे, आणि सत्तर रुपये मागायला तर जास्तच लाज वाटते. मग अंगठ्याकडे पाहायचं. बावीस वर्षांत वाढवण्यासारखं कारण त्याला एकदाही सापडलं नाही.

सकाळी सदरमधल्या एका हार्डवेअरच्या दुकानासमोर पाच-सहा प्लंबर जमायचे. तिथं या विषयावर जोरदार चर्चा चालायची. दुर्गेश नावाचा एक तडफदार गडी होता. तो म्हणायचा, "मी दुप्पट सांगतो. गिऱ्हाईक अर्ध्यावर आणते. तेही खूश, मीही खूश." पंकज म्हणायचा, "आपलं सीधं हाये. दारात पाय टाकला का दीडशे. काम झालं तरी दीडशे, नाही झालं तरी दीडशे. बाकीचं वरून." आणखी एक जण घरातल्या टाइल्स पाहून भाव ठरवायचा, पांढऱ्या साध्या टाइल्सचा भाव वेगळा, फुलाफुलांच्या टाइल्सचा वेगळा. रविंद्र हे सगळं कीर्तन ऐकावं तसं ऐकायचा, मान डोलवायचा आणि जुन्या मोपेडला किक मारून निघायचा. त्या दिवशीही अंगठ्याकडेच पाहायचा.

याची मुळं कुठं होती, ते त्याची बायको कामिनी बरोबर ओळखून होती. हेडाऊंचं घर विणकरांचं. रविंद्रचे वडील, भैयाजी, यांनी चाळीस वर्षं खड्ड्यातल्या मागावर बसून काठाची लुगडी विणली. आठवड्याला माल घेऊन ते सेठच्या गादीवर जायचे, आणि लहानगा रविंद्र गठ्ठ्याची एक बाजू धरून बरोबर असायचा. सेठ लुगड्याचा काठ बोटांत चोळायचा, नाक मुरडायचा आणि एक आकडा सांगायचा. भैयाजी म्हणायचे, "जी." बस, व्यवहार संपला. मालाचा भाव माल करणाऱ्यानं सांगायचा असतो, हे रविंद्रनं त्या घरात कधी पाहिलंच नव्हतं. पुढे माग बंद पडला, रविंद्र पाइपपाना चालवायला शिकला, पण ते "जी" घशात राहिलं ते राहिलंच.

आणि मग एका फेब्रुवारीत त्याची गाठ मनोहररावांशी पडली.

मनोहरराव मौद्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. तिथं ते खरेदी खात्यात होते. लकडगंजमधल्या एका फ्लॅट स्कीममध्ये तिसऱ्या मजल्यावर ते आणि त्यांची पत्नी प्रेमलताबाई राहायचे. त्यांच्या घरातलं पाणी अचानक मंदावलं होतं. सगळे नळ करंगळीएवढी धार सोडायचे. दोन प्लंबर येऊन पाहून गेले होते, आणि दोघांचंही म्हणणं एकच: जुनी लोखंडी लाइन गंजून भरली आहे, भिंत फोडा, टाइल्स काढा, नवी लाइन टाका. खर्च अठरा हजार. प्रेमलताबाईंना पैशांपेक्षा टाइल्सचं दुःख जास्त होतं, कारण तशा निळ्या टाइल्स आता कुठं मिळत नव्हत्या.

रविंद्र आला. त्यानं एक नळ सोडला, दुसरा सोडला, भिंतीला कान लावला.

"काकू, हे कधीपासून होऊन राहिलं?"

"झाले असतील आठ-दहा दिवस. मागच्या रविवारपर्यंत छान होतं रे."

"मागच्या रविवारी काही झालं होतं का? टाकी-बिकी धुतली का कोणी?"

"हो, टाकी धुणारे आले होते ना!"

रविंद्र हसला. गंज काही एका रविवारात भरत नाही. तो गच्चीवर गेला, मागोमाग मनोहररावही जिने चढत गेले. त्यानं टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद केला, त्याच्याखालचा जोड सोडला, आत दोन बोटं घातली आणि भांडी घासायच्या काथ्याचा, चिंचेएवढा, ओला गोळा बाहेर काढला. टाकी धुणाऱ्यांची घासणी तुटून आत गेली होती. जोड परत बसवून त्यानं व्हॉल्व्ह सोडला, आणि खालून प्रेमलताबाईंचा आवाज जिन्यातून वर आला, "आलं! आलं! अहो, केवढं आलं!"

मनोहररावांनी घड्याळ पाहिलं. गच्चीवर पाय ठेवल्यापासून सात मिनिटं झाली होती.

"फारच छान," ते म्हणाले. "बोला, किती झाले?"

रविंद्रची नजर खाली गेली. "द्या ना काकाजी, जे वाटन ते."

"मला काही वाटत नाही."

रविंद्रला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"मला वाटून काय उपयोग?" मनोहरराव म्हणाले. "काम तुम्ही केलं. भाव तुम्ही सांगायचा. मी चौतीस वर्षं खरेदीत काढली. समोरच्यानं भाव दिल्याशिवाय मी टाचणीसुद्धा घेतली नाही. तुम्ही भाव सांगा, मी पैसे देतो. नाही सांगितला, तर नाही देणार."

"काकाजी, तुम्ही द्याल ते..."

"नाही."

"बरं मग राहू द्या, पुढच्या वेळी..."

"अजिबात नाही. मी कोणाचं काम फुकट ठेवून घेत नाही."

प्रेमलताबाईंनी वर येऊन दोनशे रुपये पुढे केले, तर मनोहररावांनी त्यांचा हात अडवला. रविंद्र दोन मिनिटं अंगठ्याकडे पाहत उभा राहिला, मग "येतो काकाजी" म्हणून पिशवी उचलून चक्क निघून गेला. पैसे न घेता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला फोन. "रविंद्र, मनोहर बोलतो. भाव?"

"काकाजी, मी गाडीवर हाओ, मंग सांगतो."

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला पुन्हा फोन. चौथ्या दिवशीही. हार्डवेअरच्या दुकानासमोर ही गोष्ट पसरली, तेव्हा दुर्गेश पोट धरून हसला. पैसे बुडवणारी गिऱ्हाइकं त्यांनी खूप पाहिली होती. पैसे द्यायला मागे लागलेलं गिऱ्हाईक आणि त्याला चुकवत फिरणारा प्लंबर, हे नवीन होतं.

पाचव्या दिवशी रविवार होता. रविंद्र आंघोळीला गेला होता आणि फोन कामिनीनं उचलला. मनोहररावांनी तिला सगळं सविस्तर सांगितलं, तारीख आणि वेळेसकट.

रविंद्र टॉवेल गुंडाळून बाहेर आला, तर कामिनी शिलाई मशीनवरून उठून कमरेवर हात ठेवून उभी.

"पैसे द्याले माणूस मागं लागला हाये, अन तुम्ही पळून राहिले? काहून?"

"पळून नाही राहिलो वं. टाइम नाही भेटला."

"एक आकडा बोलाले किती टाइम लागते? रोशनीच्या कॉलेजची फी मागाले आले तर त्याहीले म्हणू का, घ्या जे वाटन ते?"

रोशनी ही त्यांची मुलगी, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. ती आतून हसत बाहेर आली. "बाबा, मी गिऱ्हाईक होते. तुम्ही भाव सांगा. प्रॅक्टिस करू."

तिनं ओढणी डोक्यावरून घेतली, मनोहररावांसारखं घड्याळ पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "बोला, किती झाले?"

रविंद्रनं तोंड उघडलं. घरातच होता, समोर पोटची पोर होती, तरी आकडा काही बाहेर येईना. "दे ना, बेटा..." एवढं बोलून तो स्वतःच हसत सुटला. कामिनीनं कपाळाला हात लावला.

तेव्हा कोपऱ्यातल्या खाटेवरून खाकरण्याचा आवाज आला. भैयाजी उठून बसत होते. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ मागावर बसून वाकलेली, पण डोळ्यांत लकाकी होती.

"तुमचं गिऱ्हाईक लई साधं हाये," ते म्हणाले. "यानं काही होणार नाही. मी सेठ होतो. मले आना तो गमछा."

रोशनीनं गमछा दिला. भैयाजींनी तो खांद्यावर टाकला, उशीला टेकले, एक पाय दुमडून दुसरा पसरला, आणि बघता बघता खाटेची गादी झाली. मोडक्या पाठीचा विणकर नाहीसा होऊन तिथं एक जाडजूड, सुखी, आंबट तोंडाचा सेठ बसला. त्यांनी दोन बोटांत चादरीचा काठ चोळला, नाकाचा शेंडा एका बाजूला नेला, ओठ लांबवले आणि चकचक असा आवाज काढला. रोशनी तर जमिनीवर बसून हसायला लागली. कामिनीनं तोंडाला पदर लावला. रविंद्र मात्र थक्क होऊन पाहत राहिला. चाळीस वर्षं ज्याच्यापुढं "जी" म्हटलं, त्या सेठचं एकेक मुरडलेलं नाक बापानं असं जपून ठेवलं असेल, हे त्याला माहीत नव्हतं. आणि बाप त्यावर एवढा खुशीत हसू शकतो, हेही नाही.

"हं," सेठ म्हणाले. "काय काम केलं बे? अन किती?"

"बाबा, पण किती सांगू?"

"हजार," कामिनी म्हणाली.

"अठराशे," रोशनी म्हणाली. "अठरा हजार वाचवले ना. दहा टक्के."

भैयाजी क्षणभर सेठपणातून बाहेर आले. "भिंतीचं सोड. ते दुसऱ्यानं सांगतलं होतं. तुवा काय केलं, ते सांग. तिथं कोणी अठरा हजारानं घाबरलेलं नसतं, अन तुले लाज नसती, तर या कामाचे किती घेतले असते?"

रविंद्रनं विचार केला. दारात येण्याचे दीडशे. गच्चीवर जाऊन जुना जोड सोडणं, त्याला पुन्हा टेप लावून बसवणं, हे दीडशे. आणि दोन जणांना न सापडलेलं शोधून काढणं, त्याचे?

"दोनशे," तो म्हणाला. "सगळे मिळून पाचशे."

"झालं तं मंग. पाचशे." आणि नाकाचा शेंडा पुन्हा बाजूला गेला. "बोल बे, किती?"

"पा... पाचशे."

"पाचशे!" सेठनं छातीला हात लावला. "राम राम राम! सात मिनटाचे पाचशे? काहो, दुकान लुटाले आला का?"

"नाही, मंजे तुम्ही म्हणान तं..."

"आजोबा जिंकले!" रोशनी ओरडली.

दुसरा डाव. तिसरा डाव. प्रत्येक वेळी भैयाजी नवं तोंड करायचे आणि प्रत्येक वेळी रविंद्र घसरायचा. शेजारच्या दोन बायका काय गोंधळ आहे म्हणून दारात आल्या आणि तिथंच बसल्या. रोशनीनं एक युक्ती सांगितली, "बाबा, आकडा बोलला की तोंड बंद करायचं. मनात दहापर्यंत मोजायचं. मधे एक शब्द नाही." रविंद्र चारपर्यंत पोचायचा आणि "चला, साडेचारशे" म्हणून मोकळा व्हायचा.

पाचव्या डावानंतर भैयाजी म्हणाले, "तू माह्या तोंडाकडं काहून पाहून राहिला?"

"मंग कुठं पाहू?"

"मी तेच करत होतो गा. सेठच्या तोंडाकडं पाहत होतो. अरे, ते तोंड सकाळपासून तसंच राहते. सवय हाये त्याची. बायकोनं वाढलं तरी तसंच तोंड करत असन तो." शेजारणी खिदळल्या. "तोंडाकडं नाही, मालाकडं पाहाव. मले हे समजाले माग बंद पडेपर्यंत टाइम लागला. तुले आजच सांगून राहिलो."

सहाव्या डावात रविंद्रनं खाटेकडं पाहिलंच नाही. कोपऱ्यातल्या माठाच्या तोटीकडं पाहिलं, जी त्यानंच बसवली होती आणि जिच्यातून वर्षभरात एक थेंब गळला नव्हता. "पाचशे," तो म्हणाला. सेठनं नाक मुरडलं, राम राम केलं, गमछा झटकला, पाठ फिरवली. रविंद्र तोटीकडं पाहत राहिला. आठ. नऊ. दहा. शेवटी भैयाजींनी उशीखालून आपली औषधाची चिठ्ठी काढली आणि नोट द्यावी तशी त्याच्या हातात ठेवली. "घे बे. माल चोख हाये तुहा."

घरात टाळ्या पडल्या. त्या दिवशी दुपारी कामिनीनं सावजी रस्सा इतका झणझणीत केला की भैयाजींचे डोळे वाहायला लागले, आणि ते तिखटानंच वाहताहेत असं ते सगळ्यांना बजावून सांगत होते.

सोमवारी सकाळी नऊ वाजता मनोहररावांना फोन करावाच लागला नाही. नऊला पाच कमी असताना रविंद्र त्यांच्या दारात उभा होता. इस्त्रीचा शर्ट घालून.

"काकाजी, भाव सांगाले आलो."

मनोहररावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "बोला."

रविंद्रनं स्वयंपाकघरातल्या नळाकडे पाहिलं. धार जाड, सरळ आणि पांढरी पडत होती. प्रेमलताबाई भाजी धूत होत्या.

"पाचशे रुपये."

"पाचशे?" मनोहररावांचा चेहरा एकदम खुलला, आणि पुढच्याच क्षणी त्यांच्यातला खरेदी अधिकारी जागा झाला. चौतीस वर्षांची सवय कुठं जाते? "पाचशे जास्त होतात. सात मिनिटांचं काम. मी स्वतः घड्याळ लावलं होतं. तीनशे ठीक आहेत."

तीन, रविंद्रनं मोजलं. चार.

"बरं, गच्चीचे पन्नास धरा. साडेतीनशे."

सहा. सात. नळाची धार अजूनही तशीच पडत होती. तिच्याकडे पाहता पाहता रविंद्रला एक गंमत वाटली: अंगठा आठवलाच नव्हता.

"चारशे. आता काही बोला तरी."

दहा झाले होते. आता बोलायला हरकत नव्हती.

"काकाजी, गोळा काढाले सात मिनटं लागले, बरोबर हाये," रविंद्र सावकाश म्हणाला. "पण गोळा कुठं हाये ते समजाले बावीस वर्षं लागले. त्याचे मी फक्त दोनशे लावले. बाकी दीडशे यायचे, दीडशे जोड सोडून बसवायचे. पाचशे."

मग स्वयंपाकघरातून पालकाची जुडी हातात घेऊन प्रेमलताबाई बाहेर आल्या. "माझ्या टाइल्स वाचवल्या त्यानं! पाच दिवस भाव सांग, भाव सांग म्हणून त्या बिचाऱ्याचा जीव खाल्ला, आणि आता सांगितला तर घासाघीस करता?"

मनोहरराव खो खो हसायला लागले. "अगं, घासाघीस केली नसती तर मला कसं कळलं असतं, भाव पक्का आहे की नुसताच फेकला आहे?" त्यांनी पाकिटातून पाचशेची नोट काढली, आणि ती देता देता हात थांबवला. "पावती?"

पावती रविंद्रच्या बापजन्मात कोणी दिली नव्हती. प्रेमलताबाईंनी वहीतला कागद दिला. मनोहररावांनी मजकूर सांगितला, रविंद्रनं लिहिला आणि खाली सही केली. ती पावती त्यांनी फायलीत लावली. रविंद्र जिना उतरताना दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत होता, गाडीपाशी पोचल्यावर त्यानं कामिनीला फोन लावला, आणि ती "हॅलो" म्हणायच्या आत तो म्हणाला, "पाचशे! पुरे पाचशे!"

"मामाजी!" कामिनीनं तिकडं घरात सासऱ्यांना हाक मारली. "सेठनं पैसे देल्ले!"

तेव्हापासून रविंद्रनं एक नियम केला. पिशवीची चेन उघडायच्या आधी भाव सांगायचा. काम पाहायचं, दोन प्रश्न विचारायचे, आणि म्हणायचं, "याचे अडीचशे होतीन. सामान लागलं तर त्याचं वेगळं, दुकानाच्या पावतीनं." सगळ्यांना हे आवडलं असं नाही. सदरच्या एका बंगल्यातल्या बाईंनी आकडा ऐकून दार लावलं. रविंद्र फाटकापर्यंत गेला, तर दार उघडून त्यांनी परत बोलावलं. लाकडाची पट्टी देणाऱ्या व्यापाऱ्यानं परत बोलावलं नाही. पण त्याच्या गल्लीतल्या दोघांनी बोलावलं, कारण आधी भाव कळला की पुढं कटकट राहत नाही, हे व्यापाऱ्यांना लवकर समजतं. मार्चमध्ये कूलर बसवायचे दिवस आले, तेव्हा मनोहररावांच्या स्कीममधले अकरा कूलर त्यालाच मिळाले. मनोहररावांनी प्रत्येक कूलरमागे घासाघीस केली आणि प्रत्येक वेळी हरून खूश झाले.

गंमत म्हणजे भावावरून नवऱ्याला बोलणारी कामिनी स्वतः गेली सहा वर्षं ब्लाउजची शिलाई त्याच भावात करत होती. रोशनीनं हे एकदा जेवताना काढलं. कामिनी म्हणाली, "शेजारपाजारच्या बायका, त्याहीले कसं सांगायचं?" आणि ताटाकडं पाहायला लागली. भैयाजींनी जेवता जेवताच गमछा मागवला. कामिनीला तयार करायला त्यांना दोन दिवस लागले. सेठाणीचं तोंड करणं सेठापेक्षा अवघड निघालं. पण पन्नास रुपये वाढले, आणि एकही ब्लाउज कमी झाला नाही.

एप्रिलच्या एका सकाळी रविंद्र सदरमध्ये रुख्माबाईंच्या खोलीवर गेला. रुख्माबाई एकट्या राहायच्या, वय ऐंशीच्या पुढं. पूर्वी त्या एका शाळेत शिपाई होत्या. त्यांचा नळ ठिबकत होता आणि बादलीखालची फरशी हिरवी झाली होती. रविंद्रनं नळ पाहिला. वायसर गेला होता. याचा भाव दीडशे. त्यानं खोलीकडं पाहिलं, आजींकडं पाहिलं आणि ठरवलं.

"आजी, याचे काही नाही."

"काही नाही मंजे?"

"मंजे शून्य. भाव सांगून राहिलो. काम कराच्या आधी सांगतो मी आता."

"शून्य काहून? माह्याजवळ पैसे नाही असं वाटते का तुले?" रुख्माबाईंनी कमरेची पिशवी काढली. "पन्नास घे."

"शून्य."

"चाळीस."

"आजी, गिऱ्हाईक भाव कमी कराले सांगते. तुम्ही वाढवून राहिल्या."

"मंग तू उतर ना खाली! नाही, वर ये. काय ते... वीस घे, अन गप बस."

रविंद्रला हसू आवरेना. पूर्वी त्यानं किती घरी फुकट काम केलं होतं, पण तेव्हा जिना उतरताना पाय जड व्हायचे. आज त्यानं स्वतः तोंडानं भाव सांगितला होता, आणि त्यावर तो ठाम होता. त्यानं पिशवी उघडली, नळाचा वरचा भाग सोडला, नवा वायसर बसवला, फिरवून पाहिला. ठिबकणं थांबलं. मग त्यानं हिरवी झालेली फरशीही घासून दिली.

रुख्माबाई तोवर डब्यात हात घालून बसल्या होत्या. "पैसे नको तं नको," त्या म्हणाल्या आणि वर्तमानपत्राच्या पुडीत भरपूर चिवडा बांधून त्याच्या शर्टाच्या खिशात कोंबला. "हा भाव माहा. याच्यात एक दाणा कमी होणार नाही."

"जी," रविंद्र म्हणाला, आणि दोघंही हसले. बाहेर ऊन चांगलंच तापलं होतं. मोपेडला किक मारायच्या आधी त्यानं पुडी सोडली आणि तिथंच सावलीत उभं राहून अर्धा चिवडा खाल्ला. त्यात खोबऱ्याचे काप होते.